रक्तदाब आणि शरीरातील गंज

तेल खवट का होते, हे किराण्याचा व्यापार करणाऱ्या गृहस्थास शिकवावयास नको. शेंगदाणा तेलाचा डबा फोडून उन्हात उघडा ठेवला की थोड्याच दिवसांत त्यास उग्र वास येऊ लागतो. तोच डबा घट्ट बंद करून थंड जागी ठेवला तर कित्येक महिने टिकतो. लोहाबाजारातील आपल्या बांधवांना हाच अनुभव दुसऱ्या रूपाने येतो. पावसाळ्यात सळया उघड्यावर राहिल्या की त्यांवर गंज चढतो, आणि वजनाने घेतलेला माल पाहता पाहता झडू लागतो. तेलाचे खवटणे आणि लोखंडाचे गंजणे या दोन्ही गोष्टी दिसावयास भिन्न असल्या तरी त्यांचे मूळ एकच. हवेतील प्राणवायू पदार्थाशी संयोग पावतो व त्याचे मूळ रूप बिघडवितो. या क्रियेस शास्त्रात ऑक्सिडीकरण असे नाव आहे.

ज्या प्राणवायूवाचून आपण पाच मिनिटेही जगू शकत नाही, तोच प्राणवायू आपल्या देहातही असाच गंज चढवीत असतो, असे कोणी म्हटल्यास प्रथम नवल वाटेल. परंतु हे आता सर्वमान्य झाले आहे. एवढेच नव्हे, तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर होणारी ही क्रिया आणि रक्तदाबाचा विकार यांचा निकटचा संबंध आहे, असे गेल्या चार-पाच दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

हा विषय स्मरणिकेसाठी निवडण्याचे कारण असे. औषधांच्या दुकानांतून हल्ली ‘अँटिऑक्सिडंट’ या नावाने नाना प्रकारच्या गोळ्या व कॅप्सूल विकल्या जातात. आपल्या बांधवांपैकी कित्येक जण त्या नेमाने घेतात, आणि डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी मात्र ‘सवय लागेल’ म्हणून मधूनच सोडून देतात. यामागील तर्क व्यापाऱ्यास सहज पटण्याजोगा आहे. तेलाच्या डब्यात कारखानदार थोडेसे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य घालतो व तेल टिकते. मग तेच द्रव्य पोटात घेतले तर शरीर का टिकू नये? तर्क मोठा मोहक आहे, पण तो खरा नाही. तो का खरा नाही, हे नीट समजून घेतले तर रक्तदाबाच्या विकाराविषयी बरेच काही आपोआप उलगडते.

रक्तदाबाचे गणित

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्त धमन्यांत लोटले जाते व त्यांच्या भिंतींवर दाब पडतो. ठोका पडताना हा दाब सर्वांत अधिक असतो व दोन ठोक्यांमधील विसाव्यात तो उतरतो. म्हणून तो दोन आकड्यांनी सांगण्याची रीत आहे. निरोगी तरुण माणसात तो पाऱ्याच्या १२० व ८० मिलिमीटर उंचीइतका असतो. इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधावयाचा पट्टा प्रचारात आणला आणि रशियातील कोरोतकोव्ह यांनी १९०५ मध्ये त्याखालील धमनीचे आवाज नळीने ऐकून दोन्ही आकडे ठरविण्याची युक्ती सांगितली. आपल्याकडे दवाखान्यात वारंवार मोजून १४० व ९० अथवा त्याहून अधिक दाब आढळल्यास विकार आहे असे धरतात. घरी मोजल्यास ही मर्यादा १३५ व ८५ समजावी.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २० वर्षांवरील सुमारे ३५.५ टक्के लोकांत हा विकार आढळला. म्हणजे दुकानाच्या गादीवर तिघे जण हिशेब पाहत बसले असतील, तर त्यांतील एक जण या वर्गातील असावयाचा. त्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो, कारण हा विकार दुखत नाही. डोके दुखले तर दाब वाढला व डोके शांत असले तर दाब ठीक, ही समजूत निराधार आहे. न दिसता चढत जाणाऱ्या व्याजाप्रमाणे तो वर्षानुवर्षे वाढतो, आणि एके दिवशी पक्षाघाताच्या, हृदयविकाराच्या अथवा निकामी झालेल्या मूत्रपिंडाच्या रूपाने एकदम वसुलीस येतो.

नळी नव्हे, जिवंत अस्तर

धमनी म्हणजे केवळ रबराची नळी, अशी कल्पना फार दिवस होती. तिच्या आतील बाजूस पेशींचा एकच पातळ थर असतो. त्यास अंतःस्तर म्हणावे. हा थर म्हणजे भिंतीवरील गुळगुळीत गिलावा, याहून अधिक महत्त्व त्यास कोणी देत नसे. १९८० मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले आणि ही कल्पना बदलली. अॅसिटिलकोलीन हे द्रव्य घातले असता पट्टी कधी सैल पडे, तर कधी आवळली जाई. या लहरीपणाचे कारण त्यांनी शोधून काढले. पट्टी कापताना अंतःस्तर घासून गेला असेल तर ती आवळते, शाबूत असेल तर सैल पडते. म्हणजे स्नायूस ‘सैल हो’ अशी आज्ञा या पातळ थराकडून जात होती!

ही आज्ञा नेणारा दूत कोण, याचा शोध पुढे सहा-सात वर्षे चालला. तो निघाला नायट्रिक ऑक्साइड हा एक साधा वायू. मोटारीच्या धुरात जो असतो तोच हा. देहात तो क्षणभरच जगतो; पण तेवढ्या अवधीत धमनीच्या स्नायूपर्यंत पोहोचून तिला सैल करतो. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मूळ विषयाकडे वळू. आपण अन्न जाळून शक्ती मिळवितो तेव्हा प्राणवायूच्या काही रेणूंना एक जादा इलेक्ट्रॉन चिकटतो व त्यापासून सुपरऑक्साइड नावाचा अतिशय चंचल पदार्थ तयार होतो. असे जोडीदारावाचूनचे इलेक्ट्रॉन बाळगणारे कण म्हणजेच मुक्त मूलक. वार्धक्य हे या मुक्त मूलकांचे कृत्य असावे, अशी उपपत्ती डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडली. (नागपूरची कचेरी आवरून मराठी कारकून-मंडळी नव्या राजधानीत, भोपाळला, बिऱ्हाडे थाटावयास आली ते हेच वर्ष.) त्या वेळी या उपपत्तीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६९ मध्ये मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा नाश हेच ज्याचे काम असे एक विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या पेशींत असल्याचे दाखविले, तेव्हा मात्र शास्त्रज्ञ सावध झाले. ज्या घरात चोरासाठी पहारेकरी ठेवलेला आहे, त्या घरात चोर येत असलाच पाहिजे.

हा सुपरऑक्साइड अंतःस्तरात आला की त्याची पहिली झडप नायट्रिक ऑक्साइडवर पडते. दोहोंचा संयोग इतक्या वेगाने होतो की वर सांगितलेल्या पहारेकऱ्यासही मागे पडावे लागते. संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट नावाचे दाहक द्रव्य निर्माण होते. म्हणजे नुकसान दुहेरी झाले: ‘सैल हो’ सांगणारा दूत वाटेतच मारला गेला, आणि त्याच्या जागी अस्तराला पोळणारे विष उत्पन्न झाले. एवढ्यावरही थांबत नाही. या दाहामुळे नायट्रिक ऑक्साइड बनविणाऱ्या विकराचा एक आवश्यक साथीदार नासतो, आणि मग ते विकर बिघडून दूताऐवजी स्वतःच सुपरऑक्साइड बनवू लागते. दुकानाचा गुमास्ताच चोराला मिळावा, तशातला हा प्रकार होय. धमनी आवळलेलीच राहते, दाब चढतो. आणि चढलेला दाब भिंतीस ताणून आणखी सुपरऑक्साइड निर्माण करवितो. चढलेल्या रक्तदाबाने गंज वाढतो व वाढलेल्या गंजाने रक्तदाब, असे हे चक्र फिरत राहते. या अवस्थेस ऑक्सिडीकरणाचा ताण असे म्हणतात.

मूत्रपिंडातही असेच घडते. तेथे नायट्रिक ऑक्साइड मीठ व पाणी बाहेर टाकण्यास साहाय्य करतो. तो कमी पडला की मीठ आत राहते, त्यामागे पाणी राहते, आणि रक्ताचे आकारमान वाढून दाब चढतो.

डबा आणि देह

येथवर वाचल्यावर कोणीही म्हणेल की, मग तर ऑक्सिडीकरणरोधक कॅप्सूल घेणे हेच योग्य. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते, आणि त्यांनी ते हजारो माणसांवर पडताळून पाहिले. ‘होप’ या नावाच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत हृदयविकाराचा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० एकके ‘ई’ जीवनसत्त्व व निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली गेली. साडेचार वर्षांनंतर दोन्ही गटांत हृदयविकाराच्या व पक्षाघाताच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २००२ मध्ये ब्रिटनमधील २०,५३६ लोकांवर ‘ई’, ‘सी’ व बीटा-कॅरोटीन ही तिन्ही एकत्र देऊन पाच वर्षे परीक्षा झाली, लाभ शून्य. फिनलंडमधील २९,००० वर धूम्रपानी पुरुषांच्या परीक्षेचा १९९४ मधील निष्कर्ष तर याहून कटू होता. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता सुमारे १८ टक्क्यांनी वाढला.

असे का व्हावे? तेलाचा डबा ही निर्जीव वस्तू आहे. त्यात प्राणवायू बाहेरून शिरतो, तोही हळूहळू. कारखानदाराने घातलेले द्रव्य त्यास वाटेत अडविते व बरेच दिवस पुरते. देहाची गोष्ट निराळी. धमनीच्या भिंतीत सुपरऑक्साइड नुसता गळून येत नाही. तो मुद्दाम, मागणीबरहुकूम बनविला जातो. तेथे त्यासाठी स्वतंत्र विकर आहे, आणि त्यास जोराने कामास लावणारे मुख्य द्रव्य म्हणजे अँजिओटेन्सिन. मूत्रपिंडाने रेनिन सोडले की हे द्रव्य रक्तात तयार होते व धमन्या आवळते. १९९० नंतरच्या दशकात पेशींवर व उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी ही साखळी स्पष्ट केली. सुपरऑक्साइड व नायट्रिक ऑक्साइड यांची गाठ ज्या वेगाने पडते, त्या वेगाशी पोटातून रक्तात आलेले चिमूटभर जीवनसत्त्व स्पर्धा करू शकत नाही. नळ पूर्ण उघडा ठेवून जमीन पुसत बसण्यासारखेच ते आहे.

शिवाय सर्वच मुक्त मूलक वैरी नसतात. पांढऱ्या पेशी जंतूंस मारतात त्या याच हत्याराने. व्यायामाने स्नायू सुधारतात त्यामागेही याच कणांचा इशारा असतो. जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखविले की, व्यायाम करणाऱ्या तरुणांना ‘सी’ व ‘ई’ जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या असता इन्सुलिनच्या कार्यावर होणारा व्यायामाचा लाभच नाहीसा झाला.

उलट, ज्या गोळ्यांना आपण ‘नुसती प्रेशरची गोळी’ म्हणून हिणवितो, त्यांपैकी एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन इत्यादी औषधे अँजिओटेन्सिन बनू देत नाहीत किंवा त्याचे काम चालू देत नाहीत. म्हणजे ती नळच बंद करतात. कोणत्याही जाहिरातीत त्यांना ऑक्सिडीकरणरोधक म्हटलेले नसते. पण रक्तवाहिन्यांपुरते बोलावयाचे तर ते नाव कॅप्सूलपेक्षा त्यांनाच अधिक शोभते.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजास सांगणे अगत्याचे वाटते. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या त्या मऊ, पारदर्शक कॅप्सूलचे कवच सर्वसाधारणपणे जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. जो गृहस्थ कांद्यास स्पर्श करीत नाही, तो दररोज सकाळी हे कवच गिळतो, आणि तेही ज्यातून रक्तदाबास काडीचा लाभ नाही अशा वस्तूसाठी!

भारतीय वैद्यकाचा या विषयातील अभिमानाचा अध्याय येथे थोडक्यात नोंदवितो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ५० रुग्णांवरील सर्पगंधेच्या अनुभवाचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि आपल्या देशातील या मुळीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. सर्पगंधेचा परिणाम मज्जातंतूंवर होतो, ऑक्सिडीकरणाशी त्याचा थेट संबंध नाही. तिच्यामुळे येणाऱ्या उदासीनतेमुळे ती आता मागे पडली आहे. परंतु वनस्पती आहे म्हणून खरी अथवा खोटी असे न धरता, रुग्णांवर मोजून पाहण्याचा डॉ. वकिलांचा मार्ग कॅप्सूल विकणाऱ्यांनी अवश्य अनुसरावा.

जर्दा, गर्दा आणि नमक

आता आपल्या शहराकडे पाहू. जुन्या भोपाळचे वर्णन करताना लोक जर्दा, गर्दा आणि पर्दा असे यमक जुळवीत असत. पर्दा बराचसा गेला. पहिल्या दोन गोष्टी राहिल्या, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच दोन महत्त्वाच्या आहेत.

गुटख्यावर मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये बंदी घातली. पण सुपारी व तंबाखू स्वतंत्र पुड्यांतून मिळते व हातावर एकत्र होते. तंबाखूतील निकोटीन तत्काळ दाब चढविते. विडी-सिगारेटच्या धुरात तर मुक्त मूलक तयारच असतात. गर्दा म्हणजे धूळ. करोंदच्या मंडीत मालमोटारींच्या रांगेत उभे राहणाऱ्या अथवा जुमेराती-हनुमानगंजच्या अरुंद रस्त्यावर दिवसभर दुकान उघडे ठेवणाऱ्या माणसाच्या श्वासात धुळीबरोबर डिझेलची काजळीही जाते. निरोगी पुरुषांना एक तास डिझेलचा विरळ धूर देऊन केलेला एक प्रयोग एडिंबरो येथून २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा तासांनंतरही त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची शक्ती उणावलेली आढळली. दुकानासमोर माल उतरत असताना गाडीचे इंजिन बंद करावयास लावणे, एवढी गोष्ट तरी प्रत्येकाच्या हाती आहे.

ऑक्सिडीकरणाचे अत्यंत दारुण रूप या शहराने पाहिलेले आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ यांच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट निसटला. ग्लुटाथायोन हे पेशींतील एक रक्षक द्रव्य असून घातक ऑक्सिडीकरणापासून पेशी वाचविणे हे त्याचे काम. पुढे उंदरांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, हा विषारी वायू देहात शिरल्यावर मुख्यतः ग्लुटाथायोनशीच संयोग पावतो. म्हणजे रक्षकच खर्ची पडतो. त्या रात्रीने फुप्फुसांची व डोळ्यांची केलेली हानी सर्वविदित आहे. परंतु रक्तदाब वाढला की ‘हा गॅसचा परिणाम, यास इलाज नाही’ असे म्हणून स्वस्थ बसणे मला सर्वथा चुकीचे वाटते. कारण काहीही असो, वाढलेला दाब औषधाने उतरतो; आणि ज्याची फुप्फुसे एकदा दुखावली आहेत त्याने हृदय व मूत्रपिंड जपण्याची निकड इतरांहून अधिकच आहे.

मिठाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे दोष शहराचा नसून आपल्या स्वयंपाकघराचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्या देशात खाणे सरासरीने याच्या दुपटीच्या आसपास आहे. मिठाने केवळ पाणी साठते असे नाही. खारट जेवणानंतर अवघ्या एक-दोन तासांत धमनीची सैल होण्याची शक्ती कमी झाल्याचे माणसांवर मोजलेले आहे; सुपरऑक्साइडची वाढ हे त्याचे एक कारण मानतात. आपण सकाळी पोह्यांवर मूठभर शेव घालतो; चौकात गेलो तर सुलेमानी चहा घेतो, त्यातही मीठच! आणि दुपारी पापड, लोणचे व फरसाण.

आपल्या धर्माचारातील आहाराचा विचार केल्यास त्यात लाभ व हानी दोन्ही दिसतात. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ परीक्षेत ४५९ लोकांपैकी एका गटास फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दूध-दही भरपूर असलेला आहार आठ आठवडे दिला; ज्यांना रक्तदाबाचा विकार होता त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ मिलिमीटरने उतरला. हे एका गोळीइतके काम झाले. अशा आहारातील पोटॅशियम, तंतू व वनस्पतीज द्रव्ये एकत्र मिळून जे करतात, ते त्यांतील एखादे द्रव्य वेगळे काढून कॅप्सूलमध्ये भरल्याने होत नाही. जैन चौका मुळात या आहाराच्या फार जवळचा आहे. कंदमुळे वर्ज्य असल्यामुळे बटाट्यातील पोटॅशियम मिळत नाही हे खरे. परंतु केळी, मोसंबी, टोमॅटो, दुधी, मूग व नारळाचे पाणी यांनी ती उणीव सहज भरून निघते.

अडचण येते ती तिथीच्या दिवशी. अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी नाही, म्हणून ताटात पापडाची भाजी, खाकरा, सुकी चटणी आणि शेव येतात. पापडात मीठ असते व पापडखारही असतो, आणि पापडखार हासुद्धा सोडियमचाच क्षार. अशा रीतीने ज्या दिवशी संयम पाळावयाचा त्याच दिवशी मिठाचे प्रमाण सर्वाधिक! त्याऐवजी मुगाची अथवा मटकीची बेताच्या मिठाची उसळ, दही आणि सुका मेवा घेतला तर व्रतही राहते व धमनीही. पोटॅशियमयुक्त मीठ हाही एक उपाय आहे. चीनमधील ६०० खेड्यांत वीस हजारांवर लोकांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत नेहमीच्या मिठाच्या चौथ्या हिश्श्याऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरल्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटला. मात्र ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत अथवा जे वर सांगितलेली प्रिल-सार्टन वर्गातील औषधे घेतात, त्यांनी हे मीठ डॉक्टरांस विचारल्यावाचून वापरू नये. रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडण्याचा धोका असतो.

व्यायामाविषयी फार लिहीत नाही. तलावाच्या काठचे रोज अर्ध्या तासाचे झपझप चालणे पुरेसे आहे. मनुआभान टेकडीवर दर्शनास जाणाऱ्यांनी प्रकृती साथ देत असेल तर वाहन खालीच ठेवावे.

उपवास आणि औषध

शेवटची गोष्ट सर्वांत निकडीची. पर्युषणात, अठाईत अथवा दशलक्षण पर्वात अनेक बांधव अन्नाबरोबर औषधही बंद करतात, आणि डॉक्टरांस त्याची वार्ताही नसते. सर्व औषधे अशा रीतीने थांबविता येत नाहीत. क्लोनिडीन एकाएकी सोडल्यास दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे अचानक थांबविली तर नाडी धावू लागते व छातीत कळ येऊ शकते. याच्या उलट लघवी वाढविणाऱ्या गोळ्या निर्जळी उपवासात चालू ठेवल्यास देहातील पाणी व क्षार घटून घेरी येते. पाणी कमी पडलेल्या देहात प्रिल-सार्टन वर्गातील औषधे मूत्रपिंडास अपाय करू शकतात. अॅम्लोडिपिनचा अंमल मात्र सावकाश उतरतो, दीड-दोन दिवसांनीही त्याचा काही अंश रक्तात असतो. कोणती गोळी कमी करावयाची, कोणती बदलावयाची व कोणती मुळीच सोडावयाची नाही, हे प्रत्येकाचे निराळे ठरते. म्हणून पर्वाच्या दोन-तीन आठवडे आधी आपली चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि किती दिवसांचा उपवास, पाणी घेणार की नाही, हे स्पष्ट सांगावे. हमीदिया रुग्णालयात अथवा एम्समध्ये रांग लांब असते खरी. पण जवळच्या कोणत्याही चांगल्या डॉक्टरांकडूनही हे काम होते.

मोजण्याच्या बाबतीतही काळजी हवी. दुकानातून धावत येऊन, चहा पिऊन अथवा तोंडात जर्दा ठेवून मोजलेला आकडा कामाचा नाही. खुर्चीस पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. दंड जाड असेल तर पट्टाही मोठा हवा. लहान पट्टा दाब खोटाच अधिक दाखवितो.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण अशी की, रक्तदाबाची गोळी रात्रीच घ्यावी असे त्यांनी कोठेतरी वाचलेले असते, आणि रात्री पाणी घ्यावयाचे नाही म्हणून ते गोळीच सोडतात. ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ या परीक्षेचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी औषध घेणारे व संध्याकाळी घेणारे यांत हृदयविकार, पक्षाघात अथवा मृत्यू यांच्या प्रमाणात फरक नव्हता. दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी सूर्योदयानंतर दोन घटकांनी नवकारसी पारल्यावर घेतली तरी ती तितकेच काम करते. दोनदा घ्यावयाचे औषध असेल तर त्याऐवजी एकदाच घेता येणारे औषध मिळते का, असे डॉक्टरांस विचारावे. बहुधा ते मिळते, आणि जनऔषधी केंद्रात स्वस्तही असते.